मायबाई हरवली त्या दिवशीची कौसा

कौसे, आज साड्यांचं पोटलं आलं आणि मी सवयीने त्याचे दोन ढीग केले. एक माझा, एक तुझा. तुझ्या ढिगात नेहमीसारख्या गडद रंगाच्या साड्या टाकल्या, कारण फिक्या साडीला लेस लावताना तुझ्या बोटांचं तेल लागायचं आणि शेठ बोंबलायचा. मग त्या ढिगाकडे बघत बसले. खालून रिक्षावाला ओरडत होता, "बेन, थैली पाछी आपो!" ऐकू येत होतं, पण उठवेना. शेवटी तोच वर आला, माझं तोंड बघितलं आणि थैली न घेताच गेला.

तुला जाऊन अजून आठवडाही झाला नाही. बायका येऊन बसल्या, पाणी प्यायल्या, म्हणाल्या, "चांगली होती बिचारी." बिचारी! जिवंतपणी तुला कुणी बिचारी म्हटलं असतं तर तू तिला जिना उतरू दिला नसतास. सुरतेतल्या कोसाडच्या या सरकारी आवासात सगळ्या बिल्डिंगी एकसारख्या, जिने एकसारखे, दारंसुद्धा एकाच रंगाची. पण तू कुठल्या मजल्यावर कुणाशी भांडतेयस ते मला घरात बसून कळायचं. आता जिन्यात कुणाचीही पावलं वाजतात आणि मी मान वर करते.

तू परभणीकडची, मी चोपड्याकडची. पहिल्यांदा नळावर भेटलो तेव्हा तू म्हणालीस, "कामून बघायलीस माझ्याकडं? हंडा काय तुझ्या बापाचा हाय का?" मी म्हटलं, "ही कुठली भाषा गं बाई?" त्यावर तू माझ्या अहिराणीची जी नक्कल केलीस ती अख्ख्या नळाने ऐकली, आणि मला राग यायच्या आधी हसूच आलं. तिथून आपलं जमलं. जमलं म्हणजे काय, रोज भांडायला हक्काचं माणूस मिळालं.

आमचे हे आहेत घरात, नाही असं नाही. पण जन्मभर लूमच्या खात्यात, मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेलेत. परवा मी भांडी घासता घासता हुंदके देऊन रडत होते, तर मागून म्हणाले, "चहा ठेवतेस का?" त्यांचा काय दोष? चहा ठेवला. पोरगा आणि सून त्यांच्या कामात, त्यांच्या मोबाइलमध्ये. दुपारी घर असं गप्प होतं की मी उगाच मिक्सर लावते. म्हणून लिहायला बसले. सातवी शिकलेली आहे मी. तू म्हणायचीस, "शिकून काय उजेड पाडलास?" हा बघ, पाडतेय.

तुझं काय काय आठवावं? पण मला सारखा एकच दिवस आठवतो. मायबाई हरवली तो.

मायबाई म्हणजे माझी सासू. तिचं डोकं तेव्हा ठिकाणावर राहिलं नव्हतं. कधी मला सून म्हणायची, कधी स्वतःची मोठी बहीण समजायची, कधी जेवता जेवता विचारायची, "तू कोन शेस वं?" तिचं गाव तापीच्या काठावर. तिथून आम्ही तिला इथं आणलं, पण सुरत तिला कधी आपली वाटलीच नाही. रोज सकाळी गॅलरीत उभी राहून उन्हाकडे हात करायची आणि म्हणायची, "उगवतीले मन्हं गाव शे." आम्ही "हो हो" म्हणायचो आणि कामाला लागायचो.

वैशाख होता. मी गच्चीवर पापड वाळत घालून खाली आले तर दार उघडं आणि मायबाई नाही. चपला तिथेच. काठी तिथेच. आधी वाटलं, शेजारच्या बिल्डिंगीत घर समजून शिरली असेल, तसं दोनदा झालेलं. सगळे जिने पालथे घातले. यांना फोन लावला, पण खात्यातल्या त्या खडखडाटात कुणाला फोन ऐकू येणार? दीर आले, भाचे आले, आवासातले सगळे खान्देशी गडी जमले, आणि सगळे एका तोंडाने म्हणाले, "उधना! म्हातारी गावाला निघाली असणार." आपल्या लोकांचं असंच आहे. गाव म्हटलं की उधना स्टेशनातली गाडी, दुसरा रस्ताच कुणाला सुचत नाही. मोटारसायकली काढल्या आणि सगळे उधन्याला पळाले. चौकीवर फोटो दिला, ते म्हणाले, बघतो. मी दारात बसून रडत होते.

तेवढ्यात तू आलीस. हातात लेस कापायची कात्री तशीच.

"कुठं गेली?"

"ते माहीत असतं तर इथं बसले असते का?"

"उधन्याला? येडी हायेस का गं तू? तिला गाडीत चढवायला दोघं लागत्यात. गाडी तिला ठावंच नाही. तिला ठाव हाय ती तापी."

मला काही कळलं नाही. तू माझ्या दंडाला धरून उठवलंस, बाटलीत पाणी भरलंस, माझ्या पदराला गुळाचा खडा बांधलास आणि रस्त्यावर येऊन रिक्षासमोर आडवी उभी राहिलीस. अमरोलीच्या पुलाखाली, म्हणालीस. रिक्षात बसल्यावर मग तुझा चेहरा उतरला. तसा मी तो आधी कधी बघितला नव्हता.

"इंदे, मीच सांगितलं तिला."

"काय सांगितलंस?"

"निर्माल्य सोडायला मी तिला नदीवर न्यायची ना? एकदा विचारलं तिनं, ही नदी कोनती. म्हटलं, तापी. तिला खरं वाटंना. म्हटलं, तुमचीच की मायबाई, तुमच्या गावावरूनच येती सरळ. तर खाली बसली आणि ते पाणी डोळ्याला लावायली. घटकाभर उठंना. आज तीच वाट धरली असंल तिनं."

मी फक्त एवढं म्हटलं की कौसे, इथं बंधाऱ्याने पाणी अडवलंय, नदी हलतसुद्धा नाही, तिला वर कुठं आणि खाली कुठं हे कळणार कसं? तू म्हणालीस, "पाणी नाही हललं तर नाही हललं. ऊन कुठून येतं ते कळतं की तिला. रोज तर सांगती, उगवतीला गाव." तुला अहिराणीतलं निम्मं कळायचं नाही, आणि आमच्या घरात रोज बोललेलं वाक्य तुझ्या ध्यानात राहिलं होतं.

पुलाखाली कुणी नव्हतं. रिक्षावाला पुढे यायला तयार नव्हता, काठाला रस्ताच नीट नाही. मग आपण पायी निघालो. ऊन असं की डोक्यावरचा पदर तापत होता. कुठे झाडी, कुठे राडारोडा, कुठे वांग्याचं शेत. दिसेल त्याला तू म्हातारीचं विचारत होतीस, "भाई, एक डोसी जोई का? नऊवारीवाली? पायात काय नाही?" आणि जो तो, "ना बेन." उतराणच्या बाजूला एका देवळात विचारलं, नाही. कपडे धुणाऱ्या बायकांना विचारलं, नाही. मी म्हटलं, "कौसे, परत जाऊ." तू म्हणालीस, "त्या झाडापर्यंत." झाड आलं की पुढचं झाड. मी दरवेळी म्हणायची परत जाऊ, आणि तू दरवेळी पुढचं झाड दाखवायचीस. तुझा घसा बसला होता, पण विचारायचं सोडलं नाहीस.

मग दिरांचा फोन आला. उधन्याला कुणीतरी नऊवारीतली म्हातारी फलाटावर बघितली होती, गडी तिला शोधत होते, मला लगेच बोलावलं होतं. माझ्या जिवात जीव आला. मी वळलेच. तू वळली नाहीस.

"तू जा. मी म्होरं बघते."

"अगं, तिथं सापडलीय!"

"दिसलीय म्हणत्यात. सापडली म्हणलं का कुणी?"

"आणि ती तिथेच असली तर? तू इथं उन्हात मरशील."

"तर मग मी मोकळ्या हातानं घरी येईन. पण ती हितं असली आणि आपण दोघी परत गेलो तर?"

कौसे, माझी सासू होती ती, तुझी नव्हती. हिने माझ्यासाठी एवढं का करावं, असं मनात आलं आणि डोळे भरून आले. मी दिरांना सांगितलं, तुम्ही बघा तिथं, मी इथंच आहे. फोनवर त्यांनी मला काय काय ऐकवलं ते तुला सांगितलं नाही कधी. तुझ्या मागे चालायला लागले. उधन्याची म्हातारी दुसरीच निघाली, हे आपल्याला नंतर कळलं.

वराछाच्या बाजूला एक भरवाड म्हशी घेऊन बसला होता. तू विचारायच्या आधीच तो हसला. "हा, जोई ने! मी ताक दिलं डोसीला. काय बोलती, समजत नाही. हात करून दाखवते, त्या बाजू, त्या बाजू." तू त्याच्या पाया पडलीस. तो बिचारा दोन पावलं मागे सरला. आणि मग तू धावत सुटलीस, तुझ्या त्या जड अंगाने, हातात चपला घेऊन.

बाभळीखाली बसली होती मायबाई. पदर डोक्यावर नीट, पाय पाण्यात. पायांना फोड आलेले, ओठ सुकलेले, पण चेहरा कसा निवांत. मला बघून म्हणाली, "तू कसाले उनी? मी घर जास." आणि मग माझं डोकं फिरलं. मी ओरडले, रडले, दंड धरून ओढायला लागले. ती जमिनीला हात टेकून बसली आणि किंचाळायला लागली. मेलं तरी उठणार नाही अशी.

तू मला बाजूला ढकललंस. तिला पाणी पाजलंस, माझ्या पदराचा गूळ सोडून तिच्या तोंडात घातलास. तिच्या पायांना स्वतःच्या चपला चढवल्यास आणि म्हणालीस, "चला की मायबाई. मी बी येते. मला बी बघू द्या तुमचं गाव."

आणि चाललात दोघी! पुढे! घराच्या उलट्या दिशेला! मी मागून शिव्या देतेय, अगं तिच्या पायांना फोड आहेत, अगं ऊन आहे, कुठं नेतेयस तिला? तू वळूनसुद्धा बघितलं नाहीस. तिचा हात तुझ्या हातात. ती तुला गावातलं कोण कोण सांगत होती, तू "हो का? बरं बरं" म्हणत होतीस, आणि तुझ्या उघड्या तळव्यांना चटके बसत होते ते मला दिसत होतं. थोडं चाललात, मग ती थांबली. विचारलं, "आजून कितलं दूर शे?"

तू खोटं बोलली नाहीस. म्हणालीस, "लई दूर हाय, मायबाई."

तिने नदीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "मंग आज नको. चाल, घर चाल," असं म्हणाली आणि आपणहून वळली.

यावर आपण किती वर्षं भांडलो? मी म्हणायची, आजारी माणसाला उन्हात आणखी चालवणं हा कसला शहाणपणा? उचलून आणायची होती सरळ. तू म्हणायचीस, "घरी निघालेल्या माणसाला ओढत आणता येत नाही, इंदे. संगं जावं लागतं. पुरे झालं की त्येच म्हणतंय." मी म्हणायची, आणि नसती म्हणाली तर? तू म्हणायचीस, "तर गेलो असतो." खुशाल म्हणायचीस! मायबाई पुढे तिच्या अंथरुणात, माझ्या मांडीवर गेली, तरी आपलं हे भांडण चालूच राहिलं. लेस लावता लावता, भाजी निवडता निवडता. मी अजूनही म्हणते, तिला पुढे चालवायला नको होतं. बोल आता काय बोलायचं ते.

एक मात्र तुला सांगायचं राहून गेलं. तू मनाशी धरून बसली होतीस की तुझ्या एका शब्दाने म्हातारी जिवाला मुकली असती. मधूनच म्हणायचीस, "तापी म्हणून सांगायलाच नको होतं." मी दरवेळी "सोड गं" म्हणून उडवून लावलं. पण कौसे, तू तिला ते सांगितल्यापासून मायबाई रात्रीची रडायची थांबली होती. त्याआधी रोज रडायची, परक्या गावात आणून टाकलं म्हणून. तुझ्या त्या शब्दानंतर नळाचं पाणी आलं तरी ओंजळीत घेऊन म्हणायची, "मन्ही तापी." हे मी तुला सांगेन सांगेन म्हणत राहिले. आपण काय रोजच्या रोज भेटत होतो, घाई कसली, असं वाटायचं.

दवाखान्यात तुझ्या शेवटच्या दुपारी मी एकटीच होते तुझ्याजवळ. तुझे मुलगे औषधं आणायला गेले होते. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "इंदे, चल गावाकडं."

"गप पड गं. हाताला सुई आहे."

"चल म्हणायलेय ना."

तू उठायला लागलीस. मी तुझे खांदे दाबून धरले, आणि तुझ्या डोळ्यांत बघितलं, आणि माझे हात आपोआप सुटले. म्हटलं, "चल. कुठून जायचं?" मी कधी तुझं गाव बघितलं नाही, पण चालले तुझ्यासोबत. तिथेच खाटेवर, बोलता बोलता गाडीत बसलो. मी म्हटलं, भुसावळला उतरू का? तर म्हणालीस, "मनमाड, येडे." मनमाड झालं, परभणी झालं. एसटी धरली. मी म्हटलं, गावातच उतरायचं ना? "न्हाई, फाट्यावर." फाट्यावर उतरलो. दोन्हीकडे ज्वारी. तू मला सांगत होतीस, हे कुणाचं रान, ते कुणाचं, आणि आवाज बारीक होत चालला होता. मग तू माझा हात सोडलास.

"तू जा आता माघारी," म्हणालीस. "हितून मला सापडंल."

सिस्टर आली आणि तिने मला बाहेर बसायला सांगितलं.

मुलांनी तुला गावी न्यायचं ठरवलं, ते बरोबरच केलं. गाडीत ते दोघं, सुना, तुझा भाऊ. जागा नव्हती. मोठा म्हणाला, "मावशी, तुम्ही कुठं एवढ्या लांब येता?" त्याला वाईट वाटत होतं, मला दिसत होतं. मी म्हटलं, "नाही रे बाबा, मी काय करू येऊन?" गाडी गेली. मी दवाखान्याच्या दारात उभी राहिले. सगळे ज्याच्या त्याच्या माणसांना घेऊन चालले होते. एका बाईने विचारलं, "बेन, तमारं कोण हतं?" मला सांगता येईना. बहीण म्हणावं तर नाही, नणंद नाही, जाऊ नाही. "पडोशी," म्हटलं, आणि तोंडात कडू आलं.

त्या दिवसापासून मी देव्हाऱ्यात दिवा लावलेला नाही. फुलं नाहीत, घंटा नाही, काही नाही. आज संध्याकाळी सुनेच्या लक्षात आलं. ती इथेच जन्मली, शाळा गुजरातीत झाली तिची, तसंच बोलते.

"मम्मी, दिवा केम नाही लावला?"

"सुतक आहे."

ती घाबरली. "कोण गेलं? गावाकडून फोन आला?"

"कौसा गेली ना."

पोरगी वाईट नाही, समजावायच्या सुरात बोलली. "पण मम्मी, कौसामावशी आपल्या भाऊबंदातल्या नव्हत्या ने? ना आपल्या जातीच्या, ना आपल्या गावच्या. आपल्याला त्यांचं सुतक कसं?"

"तुला नाही," मी म्हटलं. "मला आहे."